पगार ठरला ३६ हजार, खात्यात २७,८१४ : पगारपत्रक वाचावे कसे?

वाशिष्ठीकाठ

माझी मुलगी गेल्या जुलैपासून लोटे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ही तिची पहिलीच नोकरी आहे. नेमणूकपत्रावर वार्षिक ४,३२,००० रुपये, म्हणजे महिना ३६ हजार असा आकडा असल्यामुळे घरात सगळे तोच धरून बसले होते. प्रत्यक्षात खात्यात दरमहा २७,८१४ रुपये येतात आणि फेब्रुवारीत त्यातही शंभर रुपये कमी आले. आमचे चिपळुणात किराणा दुकान आहे. खरेदी, विक्री आणि उधारी मला कळते, परंतु पगारपत्रक हा कागद माझ्या आयुष्यात प्रथमच आला आहे.

पत्रकावर मूळ वेतन १८,०००, घरभाडे भत्ता ७,२०० आणि विशेष भत्ता ४,९७४ असे एकूण ३०,१७४ रुपये दाखवले आहेत. कपातीच्या बाजूला पीएफ २,१६० आणि व्यवसाय कर २०० आहे. ३६ हजारांतले उरलेले पैसे त्या कागदावर कुठेही दिसत नाहीत.

आता ठाण्याच्या एका कंपनीने तिला वार्षिक ५,१६,००० रुपये देऊ केले आहेत आणि महिनाअखेरपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. वरवर पाहता महिना सात हजारांची वाढ आहे. ती खरोखर तेवढी आहे का, आणि आयकराचे काय, हे जाणकारांनी सांगावे.

कातळसडा

नेमणूकपत्रावरचा आकडा म्हणजे कंपनीला तुमच्या मुलीवर होणारा एकूण खर्च, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात. तो पगार नव्हे. तिच्या पगारातून जसे पीएफचे २,१६० कापले जातात, तसेच २,१६० कंपनीही भरते आणि ते ३६ हजारांतच मोजलेले असतात. कंपनीच्या त्या वाट्यापैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि ९१० पीएफ खात्यात जातात.

चाकरमानी

सीटीसीमध्ये कँटीनचा चहा धरणारी कंपनीही मी पाहिली आहे. तो चहा प्यायला नाही तरी पगारवाढ झाली असे समजायचे.

हिशेबनीस

मी बरीच वर्षे एका कारखान्याच्या पगार विभागात काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

३६,००० मधून ३०,१७४ वजा केले की ५,८२६ उरतात. त्यातले २,१६० कंपनीचा पीएफचा वाटा. मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ८६६ रुपये, ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद म्हणून धरले असणार. वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस २६ धरून, या सूत्रातून तो टक्का येतो. राहिले २,८००. ते बहुधा वर्षअखेरीस मिळणारे व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेले वेतन) किंवा बोनस असावेत. नेमणूकपत्राला जोडलेले परिशिष्ट काढून पाहा, तिथे ही फोड नक्की सापडेल. पगारपत्रकावर फक्त त्या महिन्यात देय झालेली रक्कम येते, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

कातळसडा यांनी दिलेली १,२५० आणि ९१० ही विभागणी जुन्या सभासदांना लागू आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफमध्ये आलेल्या आणि त्या वेळी पीएफचे वेतन १५,००० च्या वर असलेल्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन योजनेचे सभासदत्व मिळत नाही. कंपनीचा संपूर्ण वाटा त्याच्या पीएफ खात्यातच जमा व्हायला हवा. ही मुलगी १८,००० मूळ वेतनावर पहिल्यांदा लागली आहे, तेव्हा तिच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य आणि कंपनीच्या वाट्याच्या रकान्यात २,१६० दिसले पाहिजेत. तिथे १,२५० दिसत असतील तर आताच कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. पुढे पैसे काढताना किंवा दुसऱ्या नोकरीत वळवताना हीच नोंद अडते, आणि तोवर पगार विभागातली माणसे बदललेली असतात.

फेब्रुवारीतले शंभर रुपये व्यवसाय कराचे आहेत. घटनेच्या २७६ व्या कलमानुसार हा कर वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नेता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा मेळ घातलेला आहे.

सुपारीबाग

माझ्या पत्रकावर व्यवसाय कर कधीच कापलेला दिसत नाही. माझा पगार २२ हजार आहे. हे उद्या अंगाशी तर येणार नाही ना?

हिशेबनीस

@सुपारीबाग, अजिबात नाही. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. पुरुषांची माफी मात्र ७,५०० लाच संपते. तिथून १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे २००.

चाकरमानी

म्हणजे आमच्या घरात माझ्या पगारातून कर जातो आणि बायकोच्या पगारातून जात नाही, हा भेदभाव शासनमान्य आहे तर. तिला हा धागा दाखवणार नाही.

कलमबाग

व्यवसाय कराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण या दोनशे रुपयांविषयी सगळेच कुरकुर करतात. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यावे आणि त्यातून गावातल्या माणसाच्या हाताला काम मिळावे, अशी ती मांडणी होती. पुढे १९९० मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गातल्या कितीतरी वरकस जमिनींवर, अगदी कातळात खड्डे खोदून, आंबा-काजूची कलमे उभी राहिली. आमच्या सड्यावरची काजूची बाग त्याच योजनेतली आहे. मुंबईत पगार घेऊन मे महिन्यात गावी काजू खाणाऱ्यांनी त्या कपातीबद्दल फार दुःख करू नये.

आता माझा प्रश्न. माझा भाऊ रत्नागिरीत नोकरीला आहे. सातबारा दोघांच्या नावावर आहे आणि हापूसचे उत्पन्न आम्ही वाटून घेतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, म्हणून तो ते आयकर विवरणपत्रात दाखवतच नाही. हे योग्य आहे का?

शालार्थी

@कलमबाग, योग्य नाही. आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांच्या बागा आहेत आणि दर वर्षी हाच वाद होतो. करमुक्त असणे वेगळे आणि न दाखवणे वेगळे. शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर गेले की पगारदाराला सोपा असलेला आयटीआर-१ भरता येत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

हिशेबनीस

शालार्थी यांचे बरोबर आहे, आणि गोष्ट फक्त फॉर्मची नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार कर लावत नाही; तथापि पगारावरचा कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्याला ६०,००० रुपयांपर्यंत करसवलत मिळते आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट असते. म्हणून पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असला तर कर नाही, असे सगळे म्हणतात. बागवाल्याच्या बाबतीत हे वाक्य अपुरे पडते.

समजा भावाचा वार्षिक पगार ११,७५,००० आहे. वजावट जाऊन ११ लाख राहिले. आंब्याचा निव्वळ वाटा ३ लाख आहे. आता आधी १४ लाखांवर कर काढायचा, तो ९०,००० येतो. मग शेतीचे ३ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ४ लाख, अशा ७ लाखांवरचा कर काढायचा, तो १५,००० येतो. फरक ७५,०००. त्यातून ६०,००० ची सवलत गेली की १५,००० उरतात आणि चार टक्के उपकर धरून १५,६०० भरावे लागतात. बाग नसती तर याच पगारावर कर शून्य झाला असता. कंपनीला बागेविषयी काही ठाऊक नसल्यामुळे तिने टीडीएस (पगारातून आधीच कापून भरला जाणारा कर) कापलेला नसतो, म्हणून ही रक्कम स्वतः भरायची असते.

आणखी एक. आंबे पेटीत भरून विकले तर ते शेतीचे उत्पन्न. त्याच आंब्यांचा पल्प किंवा आंबापोळी करून विकली, तर फळाच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा होतो. त्यावर नेहमीसारखा कर लागतो आणि आयटीआर-२ सुद्धा चालत नाही.

कलमबाग

भावाला हे वाचून दाखवले. तो म्हणाला की यंदा थ्रिप्सने मोहोर इतका खाल्ला आहे की आयकर खात्याने त्यालाच वर्गणी द्यावी. उत्पन्न मात्र दाखवतो, असे कबूल केले आहे.

दर्यावर्दी

आमच्या गावातले निम्मे तरुण बोटीवर आहेत आणि त्यांचे नियम यापेक्षा निराळे आहेत. परदेशी फेऱ्यांवरच्या खलाशाचे आर्थिक वर्षातले भारतातले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी भरले तर तो अनिवासी ठरतो, आणि अनिवासी खलाशाने परदेशातल्या सेवेबद्दल मिळवलेला पगार केवळ इथल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असे परिपत्रक २०१७ मध्ये निघाले आहे. दिवसांची मोजणी सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या, शिक्क्यांवरून होते, त्यामुळे ते पुस्तक आणि करारपत्रे जपून ठेवावीत. यावर स्वतंत्र धागा काढतो.

कंत्राटी

मी बंदरावर कंत्राटदारामार्फत काम करतो. या धाग्यात सगळे सीटीसीविषयी बोलत आहेत. आम्हाला ते पत्रच मिळत नाही. माझा एकूण पगार १४,५०० आहे. त्यातून पीएफ आणि ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) १०९ रुपये असे दोन्ही कापले जातात. गेल्या वर्षी पत्नीच्या बाळंतपणासाठी पीएफमधून पैसे काढायला गेलो तेव्हा कळले की कित्येक महिने कपात होऊनही भरणा झालाच नव्हता. पत्रकावर मात्र प्रत्येक महिन्याची कपात ठळक छापलेली होती. असे झाले तर माणसाने कुठे जायचे?

कातळसडा

@कंत्राटी, वाचून संताप आला. पत्रके टाकू नका, तोच पुरावा आहे.

हिशेबनीस

@कंत्राटी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. कपात झाली याचा अर्थ जमा झाली असा होत नाही. पगारपत्रक हा कपातीचा पुरावा. जमा झाल्याचा पुरावा यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पासबुकात असतो आणि ते उमंग ॲपवर पाहता येते. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा करणे मालकावर बंधनकारक आहे. पीएफ संघटनेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तिथे पत्रकांच्या प्रती जोडा. कंत्राटदाराने बुडवले तर ज्याच्या आवारात तुम्ही काम करता तो मूळ मालकही जबाबदार असतो, त्यामुळे तक्रारीत त्याचे नाव अवश्य घाला. कंत्राटदार फोन उचलत नाहीत, मूळ मालकाचे कार्यालय मात्र नोटिशीला उत्तर देते, असा माझा अनुभव आहे.

ईएसआयसीत तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. त्यात पत्नीचा उपचारही येतो, तेव्हा कुटुंबाची नावे कार्डावर चढलेली आहेत का ते पाहा.

टीडीएसचेही तसेच आहे. कापलेला कर आपल्या पॅनवर जमा झाला की नाही हे फॉर्म २६एएसमध्ये दिसते. फॉर्म १६, म्हणजे कंपनीचे करकपातीचे प्रमाणपत्र, जूनमध्ये मिळतो, तोवर थांबायचे कारण नाही.

शालार्थी

आम्हा शिक्षकांची पत्रके शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीतून येत असल्यामुळे सीटीसीचा घोळ नसतो. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे. कपातीत एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे) दहा टक्के, गट विमा, व्यवसाय कर आणि शेवटी पतपेढीचा हप्ता. तो हप्ता वजा झाल्यावर जे उरते त्यालाच आम्ही पगार मानतो.

आमची अडचण थकीत वेतनाच्या फरकाची असते. मागील वर्षांचा फरक एकाच वर्षी हातात आला की उत्पन्न फुगते आणि कराचा टप्पा ओलांडला जातो. अशा वेळी ८९ व्या कलमाखाली सवलत मिळते. त्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सवलत मागितल्यामुळे आमच्या केंद्रातल्या दोघांना नोटीस आली होती.

चाकरमानी

आता ठाण्याविषयी, कारण मूळ प्रश्न मागे पडत चालला आहे. ५,१६,००० ची फोड मागवा. ती हाती आल्याशिवाय हो म्हणू नका. आणि रजेचे नियम विचारा. गणपतीला आठ दिवस घरी येणाऱ्या माणसाला सप्टेंबरच्या पत्रकावर 'बिनपगारी रजा' हा जो रकाना दिसतो, त्याचा कुठल्याही कर सल्लागाराकडे उपाय नाही.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने पासबुक काढले. पेन्शनच्या रकान्यात खरोखरच दरमहा १,२५० पडत आहेत, त्यामुळे तिने पगार विभागाला पत्र दिले आहे. परिशिष्टही सापडले, २,८०० हे वर्षअखेरीस मिळणारे कामगिरीनुसारचे वेतन आहे.

ठाण्याहून फोड आली ती अशी : मूळ वेतन १५,०००, बाकीचे सर्व भत्ते मिळून १९,४७८, कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ७२२ आणि व्हेरिएबल ६,०००. एकूण ४३,०००.

हिशेबनीस

म्हणजे दरमहा ३४,४७८ वर पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा होऊन हातात ३२,४७८ येतील. आजच्या २७,८१४ पेक्षा ४,६६४ जास्त. सात हजारांच्या वाढीतले ३,२०० निव्वळ व्हेरिएबलचे आहेत, आणि व्हेरिएबल म्हणजे मिळाले तर मिळाले. शिवाय पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून आज ४,३२० जमा होतात, तिथे ३,६०० होतील. सध्या पीएफवर ८.२५ टक्के व्याज आहे, तेव्हा हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आता लोट्याला घरून जाऊन-येऊन नोकरी होते. ठाण्यात खोलीतला एक पलंग तरी साडेचार हजारांत मिळतो का, हे चाकरमानी यांनी सांगावे.

मूळ वेतन इतके कमी ठेवण्याची पद्धत यापुढे पूर्वीसारखी चालणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जात असेल तर हातात येणारी रक्कम त्यामुळे घटत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र वाढीव वेतनावर व्हायला हवा. ठाण्याच्या फोडीत ७२२ लिहिले आहेत, म्हणजे त्यांनी तो अजून जुन्या पद्धतीनेच केला आहे. हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आयकर दोन्हीकडे शून्य आहे. आजच्या नोकरीत पूर्ण वर्ष धरले तरी वजावटीनंतर उत्पन्न ४ लाखांच्या आत राहते. ठाण्यात व्हेरिएबलसह ४,१०,७३६ होते. करसवलतीमुळे कर लागणार नाही, परंतु उत्पन्न ४ लाखांवर गेल्यामुळे विवरणपत्र भरणे बंधनकारक होईल. भाड्याच्या पावत्यांमागे लागू नका, घरभाड्याची सूट फक्त जुन्या प्रणालीत आहे आणि या उत्पन्नाला तिचा उपयोग नाही.

चाकरमानी

ठाण्यात साडेचार हजारांत पलंग मिळेल, पण स्टेशनपासून इतका लांब की उरलेले पैसे रिक्षावाल्याला जातील.

सुपारीबाग

नोकरी बदललीच तर पीएफ काढून घ्यावा की तिथेच ठेवावा? माझ्या मैत्रिणी प्रत्येक नोकरी सोडताना काढून घेतात.

हिशेबनीस

काढू नये. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्यावा आणि रक्कम वळती करून घ्यावी. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी ५०,००० किंवा अधिक रक्कम काढली तर पॅन दिलेला असूनही दहा टक्के टीडीएस कापला जातो. मागची सेवा वळती केली तर ती वर्षे पाचांत धरली जातात.

वाशिष्ठीकाठ

ठाण्याच्या कंपनीने कळवले की व्हेरिएबल ३१ मार्चला नोकरीत असणाऱ्यालाच मिळते आणि पहिल्या वर्षी हजर दिवसांच्या प्रमाणात. ग्रॅच्युइटीच्या प्रश्नावर 'तपासून कळवतो' असे उत्तर आले आहे. मुलीने त्यांना लिहिले की व्हेरिएबलमधले निदान तीन हजार स्थिर पगारात घेतले तरच ती येईल. लोट्याच्या कंपनीने पेन्शनची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज पाठवला असून त्याची पोच दिली आहे.

हिशेबनीस

तीन हजारांचे त्यांनी मान्य केले तर सुधारित नेमणूकपत्र फोडीसह मागून घ्या. फोनवर किंवा ईमेलमध्ये दिलेला शब्द पुढचा एचआर पाळेलच असे नाही. ते पत्र हाती येईपर्यंत लोट्याचा राजीनामा देऊ नये.